रायफलचा स्टॉक घरी रंगवताना: क्रायलॉन कॅमोफ्लाज स्प्रे, त्याचे सोबती आणि आपली हवा

आधी निकाल सांगतो, मग कारणे. रायफलच्या प्लॅस्टिकच्या स्टॉकसाठी, म्हणजे दस्त्यासाठी, क्रायलॉन या अमेरिकन कंपनीचा कॅमोफ्लाज (झाडीत मिसळणाऱ्या रंगांचा) स्प्रे घरी वापरता येणाऱ्या रंगांत सगळ्यात भरवशाचा आहे. लाकडी स्टॉकसाठी तो घेऊ नये. आणि झीज नको असेल तर वरून क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक संरक्षक थराचा, हात न देता तो कुठेच सोडू नये. महाराष्ट्रात राहणाऱ्याला चौथी गोष्टही लक्षात ठेवावी लागते. या डब्यावर लिहिलेले तापमान आणि आर्द्रता आपल्याकडे वर्षातले फार थोडे तास मिळतात, आणि बिघडलेल्या बहुतेक कामांचे मूळ त्यातच सापडते.

डबा 312 ग्रॅमचा. रंग अगदी सपाट, बिनचमकीचे: खाकी, सँड, ऑलिव्ह, ब्राऊन, फिकट जंगली हिरवा आणि काळा. त्यातले 'फ्यूजन' तंत्र म्हणजे प्लॅस्टिकला थेट धरणारा रंग. वेगळा प्रायमर लागत नाही, असा कंपनीचा दावा आहे. नायलॉन आणि एबीएस या कडक प्लॅस्टिकच्या स्टॉकवर तो बऱ्याच अंशी खरा ठरतो, मात्र पृष्ठभाग नीट धुतलेला आणि खरवडलेला हवा. एका डब्यात साधारण दोन चौरस मीटर झाकले जाते. स्टॉकचे क्षेत्रफळ पाव ते तीस शतांश चौरस मीटर धरा. तीन हात दिले आणि निम्मा फवारा हवेत गेला, तरी मूळ रंगाला एक डबा पुरतो. नक्षीच्या रंगांचे डबे अर्ध्याहून जास्त उरतात, म्हणून दोन-तीन मित्रांनी मिळून रंग घेतले तर परवडते. आयात माल असल्याने तो हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या डब्यापेक्षा महागच पडतो.

रंगवण्याआधी स्टॉक कशाचा आहे ते ओळखा, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. मागचे रबरी बट-पॅड काढून आत पाहा. कधी साच्यातच पीए-जीएफ (काच-तंतूंचे नायलॉन), एबीएस किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) अशी खूण असते. नसेल तर आतल्या, न दिसणाऱ्या कडेचा नखाएवढा तुकडा खरवडून पाण्यात टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर एबीएस किंवा काच-तंतूंचे नायलॉन. बुडालेल्यांत फरक करायला आतल्या भागावर अॅसिटोनचा एक थेंब टाका. जागा चिकट झाली तर एबीएस, काहीच झाले नाही तर नायलॉन. पॉलिप्रॉपिलीनवर कोणताही रंग मुळात धरत नाही, तिथे फ्यूजनवरही विसंबू नका. मोटारींचे बंपर रंगवणारे जो पीपी प्रायमर वापरतात, तो ऑटो-पेंटच्या दुकानात मिळतो. पुण्यात नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांची जी बाजारपेठ आहे, तिच्या आसपास चौकशी करावी. त्याचा पातळ हात खाली दिला की काम टिकते.

रबराचे आवरण असलेल्या स्टॉकला, म्हणजे होगच्या ओव्हरमोल्डेडसारख्या, रंगाच्या वाटेला जाऊच नये. रबर दाबले की लवते, रंगाचा थर तेवढा लवत नाही. मग हाताच्या जागेवर बारीक भेगा पडून पापुद्रे निघतात. क्लिअर दिला तर भेगा आणखी लवकर येतात, कारण क्लिअर रंगाहून कडक असतो.

आता सुटे करणे. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, नळीतून उजेड पाहा, मग एकदा पुन्हा पाहा. नळी मोडून भरायच्या स्प्रिंग-रायफलीत बहुधा पुढच्या बाजूचे दोन स्क्रू आणि ट्रिगर-गार्डचे एक-दोन स्क्रू काढले की दस्ता सुटतो. त्यापुढे काही उघडू नका. स्प्रिंग आत दाबलेली असते आणि साधनाविना ती उघडणे धोक्याचे आहे. सिलिंडरमध्ये दाबाची हवा आधीच भरून ठेवायच्या, म्हणजे पीसीपी, रायफलीत बहुतेक वेळा खालचा एक अॅलन स्क्रू पुरतो. मात्र तिच्या सिलिंडरमध्ये 200 बारच्या आसपास दाब असू शकतो, म्हणून यंत्रणा रंगाच्या जागेपासून लांब, सावलीत ठेवा. परवान्याच्या बंदुकीवर अनुक्रमांक किंवा प्रूफची (दाब-चाचणी झाल्याची) खूण स्टॉकजवळ असेल तर त्यावर रंगाचा कणही जाता कामा नये.

साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकवर मोल्ड-रिलीजचा, म्हणजे वस्तू साच्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या द्रव्याचा, अदृश्य थर असतो. नवा कोरा स्टॉक रंगवला आणि नखाने सोलला गेला, तर दोष रंगाचा नसतो, या थराचा असतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि हिरवी स्क्रबर घेऊन दोनदा घासा. चौकटीदार खाचांत जुना टूथब्रश चालवा. कोरडा झाला की 320 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मोडेपर्यंत हलका हात फिरवा, साच्याची शिवण 240 ने सपाट करा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ फडक्याने एकाच दिशेने पुसून घ्या. यानंतर उघड्या हाताने स्टॉकला शिवू नका, नायट्राइलचे हातमोजे घाला. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचे) थिनर एबीएसवर कदापि नको, वरचा थर विरघळून मऊ पडतो आणि त्यावर चढवलेला रंग आठवडाभर वाळत नाही.

सिलिकॉन हा इथला खरा शत्रू आहे. टायर पॉलिश, डॅशबोर्डचा स्प्रे, काही बंदुकांची तेले या सगळ्यांत तो असतो. एवढासा राहिला तरी ओला रंग त्या जागेवरून मागे सरकतो आणि गोल डोळे पडतात. असे डोळे दिसले तर वरून आणखी रंग मारून झाकायचा मोह आवरा. वाळू द्या, खरवडा, पुन्हा धुवा.

मास्किंगला लोक कंटाळतात, आणि रायफल बिघडते ती बहुधा इथेच. यंत्रणा ज्या जागेवर टेकते ते बेडिंग, स्क्रूंच्या डोक्याखालची बैठक, नळीची पन्हळ आणि ट्रिगरचे भोक, हे सगळे टेपने आणि फोमच्या तुकड्यांनी बंद करा. कारण साधे आहे. रंग आणि क्लिअर मिळून सुकल्यावर 100 मायक्रॉनच्या आसपास थर होतो, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा. तो स्क्रूच्या डोक्याखाली आला तर पहिल्या पन्नास-शंभर फैरींत चेपतो, स्क्रू सैल होतो आणि नेम इकडेतिकडे जाऊ लागतो. माणूस स्कोप बदलतो, छर्रे बदलतो, आणि दोष असतो त्या चेपलेल्या रंगात. मोकळ्या नळीच्या, म्हणजे नळी स्टॉकला न टेकणाऱ्या, रायफलीत जोडल्यावर नळी आणि पन्हळीच्या मधून शंभराची नोट सरकवून पाहा. अडकली तर तिथला रंग घासून काढा.

वजनाची चिंता मात्र फार करू नये. पाव चौरस मीटरवर 100 मायक्रॉनचा थर म्हणजे हिशेबाने तीस-पस्तीस ग्रॅम. स्पर्धेच्या 10 मीटर एअर रायफलीला 5.5 किलोची कमाल मर्यादा आहे, आणि ज्याची रायफल त्या काठावर आहे त्याने तेवढे जपावे. स्पर्धकांनी त्याहून जास्त लक्ष दुसऱ्या नियमाकडे द्यावे. हाताची पकड वाढेल असे काही पुढच्या भागावर, पिस्तूल-ग्रिपवर किंवा स्टॉकच्या खालच्या बाजूवर लावायला आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत मनाई आहे. म्हणजे पिकअपच्या हौद्याला मारतात तसला खरखरीत बेडलायनर, किंवा रबरी थराचे स्प्रे, हे छंदाच्या रायफलीवर छान, पण पुण्याच्या बालेवाडी क्रीडानगरीत स्पर्धेच्या साहित्य-तपासणीत अडचण आणू शकतात. सपाट रंगाचा तसा प्रश्न येत नाही.

आता हवा. क्रायलॉनच्या सूचनेनुसार हवा, डबा आणि वस्तू तिन्ही 13 ते 24 अंशांत हवेत आणि आर्द्रता 60 टक्क्यांखाली. अमेरिकेत हे सहज जमते. पुण्यात-नाशकात डिसेंबर-जानेवारीत पहाटे तापमान बसते पण दव असते, दुपारी दव जाते पण तापमान वर चढते. मधला सकाळी साडेदहा ते साडेबाराचा तुकडा कामाचा, तोही सावलीत. मुंबई आणि कोकणात वर्षातला बराच काळ हवा 60 टक्क्यांखाली येत नाही. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. गडद रंगांवर ती जास्त दिसते. विदर्भात उलटे. चंद्रपूर-नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये फवारा स्टॉकपर्यंत पोचेपर्यंतच सुकतो, थेंब कोरडे होऊन बसतात आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा लागतो. बोटाने घासले तर भुकटी येते, कारण तो थर आपसांत एकजीव झालेलाच नसतो. साध्या टेपवर लक्ष देणारे लोक आर्द्रतामापक घेत नाहीत. इथे तो घ्यावाच.

एसीच्या बंद खोलीत फवारणे हा त्यावरचा उपाय नाही. डब्यातला वायू ज्वलनशील असतो, फ्रीजच्या किंवा स्विचच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकतो. फवारणी गच्चीत किंवा उघड्या पडवीत करा, आणि वीस मिनिटांनी वास ओसरला की सुकायला स्टॉक एसीच्या कोरड्या खोलीत न्या. कोकणातल्यांसाठी एवढी युक्ती पुष्कळ आहे.

रस्ट-ओलियम या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचा कॅमोफ्लाज डबा 340 ग्रॅमचा असून त्याची मर्यादा आपल्याला जास्त मानवणारी आहे: 10 ते 32 अंश, आर्द्रता 65 टक्क्यांपर्यंत. त्याचा थर क्रायलॉनपेक्षा किंचित जाड बसतो, झाकतोही चांगला. पण प्लॅस्टिकला थेट धरण्याच्या बाबतीत त्याच्यावर तेवढा भरवसा ठेवू नये, खाली प्लॅस्टिक प्रायमर द्यावा. आणि त्याची दुसऱ्या हाताची वेळ फार कडक असते. एक तासाच्या आत पुढचा हात द्या, नाहीतर पूर्ण वाळेपर्यंत थांबा, म्हणजे बहुधा दोन दिवस. मधल्या वेळेत फवारले तर नव्या रंगाचे द्रावक अर्धवट वाळलेल्या थरात शिरून त्याला फुगवतात आणि सगळीकडे सुरकुत्या उठतात. जेवून येऊन दुसरा हात मारू, असे म्हणणाऱ्याचे काम हमखास वाया जाते. दोन कंपन्यांचे रंग एकावर एक चढवतानाही हाच धोका आहे, म्हणून एका स्टॉकवर एकाच घरचे रंग वापरावेत.

फवारण्याची पद्धत. गोळी खळखळायला लागल्यापासून दोन मिनिटे डबा हलवा. सपाट रंगांत चमक घालवणारी पूड तळाशी बसते, ती मिसळली नाही तर एकाच स्टॉकवर चमकदार आणि निस्तेज पट्टे दिसतात. कडाक्याच्या सकाळी डबा कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवला तरी चालेल, मात्र गरम पाणी नको, डबे 50 अंशांच्या वर तापू द्यायचे नसतात. स्टॉक स्क्रूच्या भोकातून तार ओवून टांगा. अंतर 25 ते 30 सेंटिमीटर. फवारा स्टॉकच्या बाहेर सुरू करा, बाहेरच थांबवा. पहिला हात इतका पातळ की खालचे काळे प्लॅस्टिक दिसत राहावे. दहा मिनिटांनी दुसरा, आणखी दहा मिनिटांनी तिसरा. ट्रिगर-गार्डच्या आतली कड, पिस्तूल-ग्रिपचा खळगा आणि गालाच्या उंचवट्याची खालची बाजू आधी घ्या, मोठ्या सपाट बाजू नंतर. उलटे केले की ओघळ येतात, कारण खळग्यासाठी पुन्हा पुन्हा हात फिरवताना शेजारच्या सपाट भागावर रंग साचतो.

नक्षी हवी असेल तर फिका रंग खाली आणि गडद वर, हा क्रम मोडू नका. सगळ्यात सोपी आणि देखणी नक्षी कांद्या-बटाट्याच्या जाळीच्या पिशवीची. खाकीवर जाळी घट्ट ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी बांधायची आणि ऑलिव्ह, मग थोडा ब्राऊन, लांबून तुटक फवारायचा. जाळी सैल राहिली तर कडा धूसर येतात. ती दहा मिनिटांतच सोडवा, वाळल्यावर सोडवली तर रंगाच्या कडा उचलल्या जातात. दुसरी पद्धत स्पंजची. समुद्री स्पंज किंवा फाडलेला बाथ-स्पंज घेऊन, झाकणात फवारलेल्या रंगात टेकवून टिपके द्यायचे. कापलेल्या सरळ कडेचा स्पंज नको, ठसे विटांसारखे दिसतात. खऱ्या पानांचा साचा करायचा तर फर्नचे पान चांगले बसते, आंब्याचे पान ताठ असल्याने कडेखाली रंग शिरतो. नक्षीचे सगळे रंग एकाच दिवशी उरका.

एक स्पष्ट सांगायला हवे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून लागू आहे, तेव्हा हा झाडीत मिसळणारा रंग शिकारीसाठी नाही, हौसेसाठी आणि टिकाऊपणासाठी आहे. आणि अशा रंगाची रायफल बाहेर नेताना बॅगेतच न्यावी, उघडी दिसली तर लोक घाबरणारच.

क्रायलॉनचा कमकुवतपणा पोताचा आहे. रंग मऊ आहे. एका तासात हातात घेता येतो, पण प्लॅस्टिकवर त्याची पूर्ण पकड यायला सात दिवस लागतात. त्या आठवड्यात स्टॉक जोडू नये, रॅकवर टेकवू नये. त्यानंतरही बंदुकीचे तेल, ब्रेक क्लीनर आणि डीईईटी हे रसायन असलेले डास-क्रीम त्याला विरघळवतात. गालाची जागा आणि पुढची पकड घामाने आधी गुळगुळीत होते, मग झिजते. काहींना ती झीज आवडते, आणि वर पुन्हा एक पातळ हात मारला की काम भागते, ही या रंगाची जमेची बाजू आहे. सेराकोटसारख्या सिरॅमिकच्या थराला असे टच-अप घरी जमत नाही. त्याची भट्टीतली जात धातूवर 121 अंशांना दोन तास भाजावी लागते, प्लॅस्टिकला ते झेपत नाही आणि कमी तापमानाचे गणित घरच्या ओव्हनवर सोडण्यासारखे नाही.

झीज नको असेल तर वरून क्लिअर. त्याच कंपनीचा साधा मॅट क्लिअर घामापासून वाचवतो, द्रावकापासून नाही. खरा फरक पडतो तो स्प्रेमॅक्सच्या 2के, म्हणजे दोन घटकांच्या, मॅट क्लिअरने. त्याच्या डब्याच्या पोटात हार्डनरची वेगळी कुपी असते. झाकणातले लाल बटण तळाला बसवून दाबायचे, कुपी फुटते, मग दोन मिनिटे हलवायचे. त्यानंतर एक-दोन दिवसांत डबा आतून घट्ट होतो, म्हणून दोन-तीन स्टॉक एकत्र जमवूनच तो फोडावा. दोन पातळ हात पुरतात. तेल, अल्कोहोल, घाम यांना हा थर दाद देत नाही. मॅट क्लिअर जाड मारला तर दुधाळ दिसतो, नक्षी धुक्याआड गेल्यासारखी वाटते, आणि त्यावर घासून उपाय करता येत नाही, कारण घासलेली जागा चमकते.

मात्र 2के म्हणजे आयसोसायनेट, हार्डनरमधले फुप्फुसांना घातक रसायन. साधा कापडी मास्क किंवा एन95 याला अडवत नाही. किमान सेंद्रिय वाफांचे काडतूस आणि पुढे कणांचा फिल्टर असलेला अर्धमुखी रेस्पिरेटर, डोळ्यांना गॉगल, अंगभर कपडे, आणि उघडी हवा. दम्याचा त्रास असलेल्याने हे घरी करूच नये. यापेक्षा शहाणपणाचा मार्ग आपल्याकडे उपलब्ध आहे. रंग आणि नक्षी घरी करा, आणि नुसता सुटा स्टॉक मोटारी रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन त्यांच्या बूथमध्ये 2के मॅटचा हात मारून घ्या. त्यांना फक्त दोन गोष्टी बजावून सांगा: टेप काढायची नाही आणि भट्टी लावायची नाही.

लाकडी स्टॉकसाठी हे डबे का नकोत तेही सांगतो. लाकूड हवेबरोबर फुगते-आकसते, आणि ज्या बीच किंवा अक्रोडाच्या स्टॉकवर जुना तेलाचा हात आहे त्यावर हा रंग सालीसारखा सुटतो. लाकडाला दोन घटकांचे पीयू (पॉलियुरेथेन), तेही सुताराकडच्या ओळखीच्या पद्धतीने. जुने व्हार्निश काढा, यंत्रणेजवळचे तेलाने काळे पडलेले लाकूड चॉक पावडर आणि अॅसिटोनच्या लगद्याने दोन-तीनदा शोषून घ्या, दबलेल्या जागेवर ओले फडके ठेवून इस्त्री टेकवा, म्हणजे तंतू फुगून वर येतात. 180, 240, 320 असा पॉलिश पेपर चालवा, ओल्या फडक्याने रोवे उभे करून शेवटचा 320 पुन्हा. मग सीलर, मग पीयूचे दोन-तीन हात, हार्डनरचे प्रमाण डब्यावरचेच. अपारदर्शक रंग हवा असेल तर पीयूचाच रंगीत प्रकार मिळतो. आतली पन्हळ आणि बट-पॅडखालचे उघडे टोकही सीलरने बंद करा, नाहीतर पावसाळ्यात तिथून ओल शिरून पुढचा भाग नळीला जाऊन टेकतो.

जुना रंग उतरवायचा झाला तर नायलॉनच्या स्टॉकवर अॅसिटोनचे फडके चालते. एबीएसवर मात्र खरवडणे हाच मार्ग, वेळ लागला तरी. रंगाची शेवटची फुंकर मारून झाली की डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत फवारा, म्हणजे नोझल तुंबत नाही आणि उरलेला अर्धा डबा पुढच्या हिवाळ्यात कामी येतो.